गोड्या पाण्यात मीठ

"गोड्या पाण्यात मीठ कालवून रायली का वो बाई?"

शेजारच्या काकूंनी हे विचारलं तेव्हा मी अंगणात निळ्या ड्रमपाशी उकिडवी बसले होते. ड्रममध्ये गावातल्या आरओ प्लांटवरून आणलेले पाच कॅन ओतलेले, म्हणजे १०० लिटर, आत छोटा पंप गरगरत होता आणि मी वाटीवाटीनं मीठ सोडत होते, स्वयंपाकाचं नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम सगळं मोजून घातलेलं मत्स्यालयाचं मीठ, लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबानं साडेतीन किलो. काकूंच्या डोक्यावर पाण्याचा एक गुंड, कंबरेवर दुसरा. नळ पाचव्या दिवशी आला होता. त्यांच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता, भाजीत एवढं तेल कायले असं विचारावं तसं साधं विचारलं त्यांनी. मी म्हणाले, हो काकू, मासोळ्यांसाठी. डोक्यावर गुंड असल्यामुळे मान न वाकवता त्यांनी फक्त डोळे खाली करून ड्रममध्ये पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि "बरं" म्हणून निघून गेल्या. अंगणातल्या धुळीत त्यांच्या गुंडातून सांडलेल्या थेंबांची एक ओळ उमटली होती, फाटकापर्यंत गेलेली.

ते "बरं" चार महिने झाले माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. तालुक्याच्या नावातच दर्या आहे आणि जमिनीच्या पोटात खारं पाणी. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला, बुलढाणा असा हा खारपाणपट्टा पसरलाय, ज्यांचं माहेर किंवा सासर इथलं आहे त्यांना मी काय वेगळं सांगू. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आंघोळ केली की केस झाडूसारखे होतात, पितळी भांड्यावर पाण्याच्या पातळीची पांढरी रेघ उमटते ती चिंचेनंही पूर्ण जात नाही. मी लहान असताना आई पावसाळ्यात पन्हाळीखाली पातेली लावून ठेवायची आणि ते पाणी डाळीसाठी पुरवून पुरवून वापरायची. मुतखडा हा शब्द आम्हाला शाळेत जायच्या आधीच माहीत होता कारण घरोघरी कुणीतरी त्यानं लोळत असायचं. आता शहानूर धरणाचं पाणी पाइपलाइननं येतं, चार दिवसांनी येवो की पाच दिवसांनी, पण येतं, आणि त्याला आमच्याकडे नळाचं पाणी कुणी म्हणत नाही. गोडं पाणी म्हणतात. त्या शब्दात काय काय आहे ते बाहेरच्या माणसाला कळायला वेळ लागतो. आणि मी ठाण्याहून सव्वासहाशे किलोमीटर अंतर कापून काचेच्या टँकमधला एक समुद्र घेऊन आले होते आणि तो पुरता भरावा म्हणून गोड्या पाण्यात मीठ कालवत होते.

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नोकरीच्या इंटरव्ह्यूला मुंबईत गेले होते, मैत्रिणीनं गिरगाव चौपाटीवर नेलं, आणि मी काय केलं तर वाकून बोट बुडवलं आणि चाटलं. ती ओरडलीच, अगं घाण आहे ते! पण मला बघायचंच होतं की आमच्या हिरीपेक्षा किती खारं. खूप खारं होतं, घशात जाळ होईल इतकं. नंतर कधीतरी मीटर हातात आल्यावर आमच्या घरच्या विहिरीचं पाणी मोजलं, टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, ३८०० आलं. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं मानतात आणि दुसरी काहीच सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. समुद्राचं ३५ हजार. म्हणजे ज्या पाण्यानं आमची डाळ शिजली नाही ते समुद्राच्या मानानं गोडच म्हणायचं. त्याच मुक्कामात मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात गेलो, १९५१ सालचं ते, आणि तिथं काचेमागे त्या जाळ करणाऱ्या पाण्यात रंगीत मासे इतके निवांत हिंडत होते की मी एका खिडकीपाशी अर्धा तास उभी राहिले. खाऱ्या पाण्यात काही मरत नाही, उलट असं काही जगतं, हे माझ्यासाठी नवीन होतं. आमच्याकडे खारं म्हणजे जिथं काही येत नाही ते.

टँक घ्यायला पुढे बरीच वर्षं गेली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काठोकाठ भरला तर अडीचशे लिटर. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, ते ठेवता येत नाहीत आणि समुद्रातून ओरबाडून आणलेलं काही मला नकोच होतं, म्हणून सिरॅमिकचे दगड घेतले, हॅचरीत वाढलेली क्लाऊन माशांची जोडी घेतली, आणि मऊ प्रवाळ, म्हणजे झोआ, मश्रूम आणि एक लेदर. लेदर म्हणजे छत्रीसारखं मांसल काहीतरी, वरती शेकडो बारीक तोंडं, लाइट लागला की एकेक तोंड फुलतं आणि प्रवाहात ते सगळं गव्हाच्या शेतासारखं हलतं. ओळखीच्या एकानं मला त्याचा अंगठ्याएवढा तुकडा दिला होता. सहा वर्षांत तो जेवणाच्या ताटाएवढा झाला. एवढं सांगितलं की कळेल मी तो का विकला नाही.

कारण सगळे विकच म्हणत होते. सप्टेंबरात बाबा न्हाणीत घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, अकोल्याला ऑपरेशन झालं, आणि आईच्या एकटीनं ते होणार नाही हे फोनवरच्या तिच्या आवाजावरून कळत होतं. ऑफिसनं घरून काम करायला कायमची परवानगी दिली. फ्लॅट भाड्याचा, सामान काय, दोन कपाटं आणि एक पलंग. प्रश्न फक्त टँकचा होता. मीठ-औषधं घ्यायचे त्या दुकानदारानं सरळ सांगितलं, ताई, शहरातल्या शहरात हलवताना लोकांचे टँक बसतात, तुम्ही तर पार विदर्भात नेताय, उन्हाळा कसा काढाल, लाइट जाते तिथं, विकून टाका, मी चांगला भाव देतो. तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. मी दोन रात्री तसा विचारही केला. पण सहा वर्षं रोज सकाळी ज्याच्यासमोर चहा प्यायले, कोविडमध्ये महिनोन्‌महिने माझ्याशिवाय त्या घरात जे एवढंच जिवंत होतं, ते कुणाच्या तरी डिक्कीत ठेवून हात हलवायचा? मला नाही जमलं.

आणि अशा टँकमध्ये जे खरं जिवंत असतं ते दिसतच नाही. मासे दिसतात, प्रवाळ दिसतात, पण सगळं पेलून धरतात ते दगडांच्या छिद्राछिद्रात बसलेले जिवाणू. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो विषारी, त्याचं एक जातीचे जिवाणू नायट्राइट करतात, तेही विषारी, त्याचं दुसरे नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी. ही साखळी बसायला नव्या टँकमध्ये महिना-दीड महिना जातो. दगड वाटेत वाळले किंवा पार थंड पडले की ही वस्ती मरते आणि मेलेली वस्तीच सडून अमोनिया सोडते, मग मासे धडाधड जातात. म्हणजे मला पाणी हलवायचं नव्हतंच मुळात. काच, पाणी, मीठ परत विकत मिळतं. हलवायची होती ती न दिसणारी वस्ती. आईला फोनवर हे समजावत होते तर ती म्हणाली, "म्हंजे इरजण जपून आणायचं आहे न तुले." एवढं बोलून तिनं बाबांच्या गोळ्यांचा विषय काढला. मी मात्र पुढचे पंधरा दिवस सगळी तयारी त्या एका शब्दावर केली.

डिसेंबरातली गोष्ट. निघायच्या दोन दिवस आधीपासून मासे उपाशी ठेवले, पोटात काही नसलं की पिशवीत घाण कमी होते. रात्री दहाला कामाला लागले. आधी स्वच्छ असतानाचं पाणी वरून वरून काढून वीस-वीस लिटरच्या सात जारमध्ये भरलं, मग हातमोजे घालून झोआ असलेले दगड काढले, त्यांच्यात विष असतं, हाताला जखम असली तर धोका. मासळी बाजारातून थर्माकॉलचे खोके आणले होते, बर्फात पापलेट येतात ते, चार वेळा धुऊनही वास राहिलेला. दगड त्यात पाण्यात बुडवून ठेवले. शेवटी तळाची वाळू. वाळूला हात लावला आणि सडक्या अंड्याचा असा भपकारा आला की खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं. सहा वर्षांचं सगळं खाली साचलेलं, वरून इतकं सुंदर दिसणाऱ्या पाण्याच्या खाली. तो वायू पाण्यात मिसळला तर माशांचं काही खरं नाही म्हणून जुनी वाळू टाकून दिली, फक्त वरच्या थरातली एक वाडगाभर ठेवली, इरजणाला. क्लाऊनची मादी पकडताना माझ्या बोटाला चावली. क्लाऊन सगळे नर म्हणून वाढतात आणि जोडीतला मोठा, दांडगा असतो तो मादी होतो, ही तशीच, घर सोडायला तयारच नव्हती. पहाटे साडेतीनला रिकामा टँक हॉलमध्ये उभा होता, काचेवर मिठाचे ओघळ, आणि पंपांचा आवाज बंद झाल्यानं त्या फ्लॅटमध्ये मला पहिल्यांदा घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

काच आणि स्टँड छोट्या हत्तीत, जिवंत सगळं माझ्या गाडीत. मागची सीट पाडून खोके रचले, बॅटरीवरचे दोन एअरपंप लावले, आणि त्यांच्या त्या बुडबुड आवाजात आमणेहून समृद्धीला लागले. इगतपुरीच्या मोठ्या बोगद्यातून जाताना, तो जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे, गाडीत पिवळा उजेड पट्ट्यापट्ट्यानं सरकत होता आणि पिशवीतली क्लाऊन प्रत्येक पट्ट्याला दचकत होती हे आरशात दिसत होतं, मग मी तिच्यावर माझी ओढणी टाकली. बोगद्यापलीकडे थंडी होती. माझ्या खोक्यांत थर्मामीटरच्या वायरी सोडलेल्या, २५ वर निघालेलं पाणी वैजापूरपर्यंत २३ झालं, जालन्याच्या आधी २२. मग एका पेट्रोलपंपावर थांबून चहावाल्याकडून उकळतं पाणी घेतलं, बाटल्यांत भरून, टॉवेलात गुंडाळून खोक्यांच्या मधल्या फटींत लावलं. चहावाल्यानं विचारलं, लहान बाळ आहे का गाडीत? मी हो म्हणाले. खोटं बोलायचं मनात नव्हतं, पण त्या क्षणी ते खोटं वाटलंही नाही. सिंदखेडराजा गेलं, मेहकर गेलं, ऊन चढलं तसं पाणीही चढलं. कारंजाला उतरून मूर्तिजापूर रस्त्याला लागले तेव्हा दोन्हीकडे तुरी फुलून शेंगेवर आलेल्या आणि पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीचा कापूस, आणि मी खिडकी खाली केली. मासळीच्या खोक्याचा वास आणि आपल्याकडच्या तुरीचा वास एकत्र, असा वास मी आयुष्यात कधी घेतला नव्हता.

घरी पोचल्यावर टँक ठेवायचा कुठं यावरून बाबांनी माझं काही चालू दिलं नाही. मी समोरच्या खोलीत जागा मोजून ठेवली होती. बाबा वॉकर धरून तिथं उभे राहिले आणि म्हणाले, "इथं नाई. ही खोली हालते." काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर बांधलेलं घर दरवर्षी थोडं थोडं हलतं, आमच्या समोरच्या खोलीच्या भिंतीतली तिरकी चीर माझ्या जन्माआधीची आहे. मागची खोली नंतर बांधली तेव्हा बाबांनी काळी माती खणून काढून मुरूम भरला होता, तिच्या भिंतीला चीर नाही. भरलेला टँक दगडांसकट साडेतीनशे किलोच्या वर जातो, आणि एका बाजूला बोटभर जरी कलला तरी काचेच्या जोडावर ताण येऊन तो एक दिवस उकलतो. बाबांनी गवंड्याला बोलावलं. त्यानं ती पारदर्शक नळी आणली, पाणी भरलेली, एक टोक स्टँडच्या या कोपऱ्याला, दुसरं त्या कोपऱ्याला, दोन्हीकडे पाण्याच्या रेघा शांत होईपर्यंत सगळे गप्प बसलो. मग पायाखाली प्लायचा एक तुकडा, परत नळी, परत गप्प. अर्ध्या तासानं तो म्हणाला, आता बसा. माझ्याकडे मोबाइलवर लेव्हल बघायचं ॲप होतं, ते मी काढलंच नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रम, मीठ, आणि काकू.

मी हिशोब करून बसले होते, पण तो हिशोब ठाण्याचा होता. टँकमधून रोज चार लिटर पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज तेवढं गोडं पाणी वरून घालावं लागतं. महिन्याला सव्वाशे लिटर. ठाण्यात हा आकडा मी कधी मोठ्यानं उच्चारलाच नव्हता. इथं काकूंच्या कंबरेवरचा गुंड दहा-बारा लिटरचा असेल, म्हणजे महिन्याला तसे दहा-बारा गुंड माझ्या काचेतून हवेत जाणार. मी नंतर नळाच्या पाण्यावर घरचा फिल्टर बसवला, तो एक लिटर शुद्ध देताना तीन लिटर बाहेर टाकतो, पण नळाचं पाणी ३०० टीडीएसचं, बाहेर पडणारं ४०० चं, ते आमच्या विहिरीपेक्षा नऊपट चांगलं, आई त्यात डाळ शिजवते, भांडी घासते, एक थेंब वाया जात नाही. हे सगळं खरं आहे. तरी काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. त्यांनी मला हिशोब विचारलाच नव्हता. जन्मभर ज्या बाईनं पाण्यातून मीठ वजा व्हावं म्हणून वाट पाहिली, तिनं कुणालातरी त्यात मीठ घालताना पाहिलं, आणि बरं म्हटलं.

खरा विरोध बाबांचा झाला. दर पंधरा दिवसांनी टँकमधलं वीस लिटर पाणी बदलावं लागतं, आणि मी ती पहिली बादली घेऊन मागच्या लिंबापाशी निघाले तर ते खाटेवरूनच ओरडले. "माह्या जमिनीत एक थेंब नाई!" एवढ्या जोरात ते ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बोलले असतील. वीस लिटर म्हणजे सातशे ग्रॅम मीठ, मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि बादली खाली ठेवली. माणूस पन्नास वर्षं ज्या मिठाशी भांडला, जिप्सम टाकून पाहिलं, शेततळं खणून पावसाचं पाणी धरलं, विहीर असून कोरडवाहू केली, त्याच्याच अंगणात मी बादलीभर मीठ ओतायला निघाले होते. मी त्यांना सांगायला लागले की बाबा, टँकमध्ये असं होतं, की पाणी उडून जातं आणि... त्यांनी हात वर केला. "पाणी उडते, मीठ राह्यते. हे मले नोको सांगू, बाई. माह्या वावरात चैतात जाऊन पाह्य." आणि खरंच, खोल काळ्या मातीवर उन्हाळ्यात जी पांढुरकी खपली येते ती मी लहानपणापासून बघत आले, आणि टँकच्या काठावर जी पांढरी खपली येते ती सहा वर्षं ओल्या फडक्यानं पुसत आले, आणि दोन्ही एकच आहेत हे मला कधी सुचलं नाही. बाबांना अर्ध्या मिनिटात सुचलं.

चौथ्या दिवशी फायरफिश गेला. बोटाएवढा मासा, पुढून पांढरा, शेपटीकडे लालभडक, डोक्यामागे एक उंच तुरा, घाबरट, सारखा बिळात. या जातीचे मासे घाबरले की उडी मारतात हे मला माहीत होतं, म्हणून जाळी लावली होती, पण वायर आत जाते तिथं दोन बोटांची फट राहिली होती. सकाळी तो पलंगाखाली सापडला, वाळून तुऱ्यासकट ताठ झालेला, आणि मुंग्यांची रांग लागली होती. प्रवासात सव्वासहाशे किलोमीटर टिकला आणि माझ्या दोन बोटांच्या फटीनं गेला. मी त्याला लिंबाखाली पुरलं. बाबा खिडकीतून बघत होते, एवढ्याशा मिठाला त्यांनी हरकत घेतली नाही. त्या दिवशी टेस्ट किटमध्ये अमोनियाचा रंग किंचित हिरवा आला, पॉइंट पंचवीस, आणि मी मनाची तयारी करून बसले की आता एकेक जाणार. दुसऱ्या दिवशीही तोच रंग. सातव्या दिवशी नळीतलं पाणी स्वच्छ पिवळं राहिलं, शून्य. मी आईला हाक मारून दाखवलं, म्हटलं, इरजण लागलं. तिनं चष्मा लावून ती नळी उजेडात धरली आणि परत दिली, आणि देवापाशी जाऊन उदबत्ती लावली.

लेदर मात्र बंदच होता. आल्या दिवशी जो मिटला तो मिटलाच, तोंडं सगळी आत, वरती मेणासारखा एक चकचकीत पापुद्रा. लेदर अशी कात टाकतो, आठवडा-दोन आठवडे मिटून राहतो, हे माहीत असूनही रोज सकाळी लाइट लागायच्या आधी मी टॉर्च घेऊन जायची. बाबांना वावरात जाता येत नव्हतं तर त्यांनी खुर्ची टँकसमोर हलवून घेतली. काकूही यायला लागल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच उभ्या राहिल्या, निळा उजेड त्यांच्या लुगड्यावर पडला होता, आणि विचारलं, हे मेलं का जितं आहे? मी म्हटलं जितं आहे, रुसलंय. मग त्या दुपारची भांडी झाली की येऊन बसायच्या, हातात तुरीच्या शेंगा सोलायला. जास्त बोलायच्या नाहीत. त्यांची नजर माशांकडे नसायचीच, त्या लेदरकडे असायची. एकदा मला न विचारता त्यांनी वरून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं, आणि अख्खा चेहरा आवळून म्हणाल्या, "अवो माय! आपल्या हिरीपेक्षा लय खारं हाये हे." मला गिरगाव चौपाटी आठवली. मी त्यांना सांगितलं, मी पण असंच केलं होतं. त्या हसल्या, पहिल्यांदा. एकविसाव्या दिवशी दुपारी पापुद्रा फाटून प्रवाहात उडून गेला, आणि चारच्या सुमारास कडेकडेनं दाण्याएवढी तोंडं बाहेर यायला लागली. मी ऑफिसच्या कॉलवर होते. काकूंनीच हाक मारली, "बाई, फुटलं वो!" कणसाला दाणा धरला की म्हणतात त्याच आवाजात.

बदललेल्या पाण्याचं मी आता काय करते तर गच्चीवर दोन मोठ्या पसरट ट्रेमध्ये ओतते. हिवाळ्यात आठ-दहा दिवस लागायचे, आता एप्रिलात, बेचाळीसच्या उन्हात, थर पातळ असला तर तिसऱ्या दिवशी तळाला पांढरं मीठ चमकतं. खरवडून खताच्या रिकाम्या पोत्यात भरते. बाबा एकदा आधार घेत, एकेक पायरी मोजत गच्चीवर चढले आणि ते मीठ चिमटीत धरून बसले. मग त्यांनी अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा गावाची गोष्ट सांगितली, १९३० ची, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली, की सगळा देश मिठासाठी समुद्राकडे चालला तेव्हा आपल्या वऱ्हाडात समुद्र कुठून आणणार, तर लोकांनी दहीहंड्याला खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून मीठ काढलं आणि कायदा मोडला. ज्या पाण्याला सगळे शिव्या घालायचे त्याचीच गरज पडली त्या वेळी, असं आजोबा म्हणायचे म्हणे. काकूंनी विचारलं हे मीठ ढोरांना चालतं का, मला नाही म्हणावं लागलं, त्यात माशांची घाण आहे, झोआचं काही असू शकतं, जनावराला काही झालं तर? बाबांच्या मते गोठ्याच्या धाब्यावर पूर्वी गळू नये म्हणून खारी माती टाकायचे तसं काहीतरी करता येईल, पण पावसात ते वाहून परत वावरातच येणार हेही त्यांनीच सांगितलं. पोतं सध्या गोठ्यात आढ्याला टांगलेलं आहे, पाच-सहा किलो भरलं असेल.

उन्हाळ्याची मला भीती होती ती खरी ठरते आहे. पाण्यावर पंखा लावला तर टँक दोन-तीन अंशांनी थंड होतो पण रोजचे चार लिटर आठ होतात, एसी लावला तर पाणी वाचतं पण लाइट गेली की इन्व्हर्टरवर एसी चालत नाही आणि तासाभरात पारा चढायला लागतो. दुपारी एसी, लाइट गेली तर पंखा, असं चाललंय. परवा पारा २९ च्या वर गेला आणि क्लाऊनची मादी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होती, बाबा बाटलीत बर्फ घालून ती बाटली पाण्यात धरून बसले, तासभर, हात सुन्न होईपर्यंत. दुकानदार बरोबर होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मे अख्खा जायचा आहे. काच पुसताना काठावरची पांढरी खपली ओल्या फडक्याला लागते तेव्हा मला आता दोन गोष्टी एकदम आठवतात, आणि त्यातली एक शहानूरच्या पाण्याची आहे, जे काकूंच्या डोक्यावरून येतं.

काल पहाटे पाचव्या दिवशीचा नळ आला. अंधारच होता, गल्लीत सगळीकडे गुंडांचे आवाज. मी मोटर लावून फिल्टरची टाकी भरत होते, पाणी बारीक येत होतं. कुंपणापलीकडे काकूंचे गुंड भरून झाले, मला पदराला हात पुसण्याचा आवाज आला, आणि मग त्यांनी नळ बंद करायच्या आधी भिंतीवरून हाक दिली.

"भरलं का वो तुह्या मासोळ्यायचं?"

मी म्हटलं, "भरून रायली, काकू. थोडं राहिलंय."